हिरामण तांडेलाच्या बघण्याच्या जागा

आमच्या आळीत कुणाच्या घरी काय शिजतंय हे कळायला मला निदान नाक लागतं. हिरामण तांडेलाच्या घरात काय चाललंय हे कळायला काहीच लागत नाही. तो कुजबुजला तरी रेवदंड्याच्या एसटी स्टँडवर ऐकू जातं. उभा जन्म बोटीच्या इंजिनावर आवाज चढवून बोलण्यात गेलेला. आता इंजिन राहिलं नाही, आवाज मात्र तेवढाच राहिला. एकदा तो बायकोच्या कानात हळूच म्हणाला, "या मोरूची गिरनी दिसभर चालतं, पन पीठ बग कवरं जाडं!" ते मी गिरणीचा पट्टा फिरत असताना ऐकलं. मोरू म्हणजे मी. पीठ जाडं नसतं. गिरणी माझी बायको चालवते हे मात्र खरं, आणि म्हणूनच मला शेजाऱ्यापाजाऱ्यांची काळजी घ्यायला सवड मिळते.

हिरामण तांडेल होता. बोटीचं सुकाणू त्याच्या हातात, खलाशी त्याच्या शब्दात आणि सगळा किनारा त्याच्या डोळ्यांत. खोल दर्यात जाळं कुठे टाकायचं ते तो किनाऱ्यावरच्या खुणांवरून धरायचा. लाल कडा देवळाच्या कळसावर आला की थांबायचं, बोडका डोंगर सुरूच्या बनाआड गेला की वळायचं. पुढे बोटीवर रस्ता दाखवणारी यंत्रं आली. हिरामणने त्या यंत्राकडे नव्या जावयाकडे बघावं तसं बघितलं, म्हणजे मान दिला, पण विश्वास टाकला नाही.

गेल्या वर्षी त्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरांनी बोटीवर चढणं-उतरणं बंद केलं. बोटीतला वाटा चुलतभावाकडे गेला आणि तांडेल ओट्यावर येऊन बसला. बसून करायचं काय? आळीत शिरणाऱ्या गाड्यांना तो हुकूम सोडायला लागला. "डावीकडं घे! आजून! आता सोड!" एका रिक्षावाल्याने त्याच्या भरवशावर रिक्षा मागे घेतली ती थेट सोनूबाईने वाळत घातलेल्या सुकटीत. सोनूबाई म्हणजे त्याची बायको. बाजारात मासळी विकते आणि तिच्याशी भाव करायला गेलेला माणूस दोन मासे जास्त घेऊन परत येतो. दर्यावर हिरामण तांडेल असेल, घरात तो खलाशीच.

त्या दिवशी सुकट गोळा करता करता तिने आख्ख्या आळीसमोर निकाल दिला.

"मितेश बोलवतंय तं जाऊ उलव्याला. हितं बसून मना हुकूम सोडनारा मानूस मी मे नंतर ठेवनार न्हाय."

मितेश त्यांचा मुलगा. उलव्याला राहतो, कंटेनरच्या ट्रेलरांचा धंदा आहे. पोरगा मनाने चांगला. रोज फोन करून सांगायचा, "बाबा, बोट सुटली ना? मग तिथं काय राहिलंय? इकडे लिफ्ट आहे, गुडघ्यांना त्रास नाही. मे महिन्यात टेम्पो घेऊनच येतो." सोनूबाईचा अर्धा जीव नातीपाशी उलव्यालाच होता. हिरामण मात्र एकदा तिकडे राहून आला होता आणि आल्यावर मला म्हणाला होता, "मोरू, खिडकीतनं काय दिसतं म्हायताय? दुसऱ्याची खिडकी." एवढं बोलून तो गप्प बसला होता. हिरामण गप्प बसला की काहीतरी खरोखर बिनसलंय असं समजायचं.

शेवटी तहाची बोलणी झाली. मेच्या आत त्याला किनाऱ्यावर एखादं काम मिळालं, आणि ते त्याला जमलं, तर राहायचं. नाहीतर घराला कुलूप.

काम मिळालं ते नागावच्या नेत्राकडे. नेत्राचा नारळाच्या वाडीत होमस्टे आहे आणि तिला मासळी सोनूबाईच पुरवते. एका सकाळी टोपली उचलायला म्हणून हिरामण सोबत गेला. मीही गेलो. मला बोलावलं नव्हतं, पण नेत्राकडे चहा चांगला असतो.

नेत्रा वैतागलेली होती. "शनिवार आला की मोटरसायकलवाले येतात हो. डांबरी रस्ता नको, कच्च्या वाटांनी समुद्राच्या कडेकडेने जायचं म्हणतात. मध्ये मध्ये थांबून बघण्यासारख्या जागा हव्यात, आणि तिथे गर्दी नको. काशीदचा बीच सांगितला तर तोंड वाकडं करतात. मी कुठून आणू जागा?"

"मी दावतो," हिरामण म्हणाला. वाडीतले दोन कावळे उडाले.

"काका, तुम्हाला गाडी चालवता येते?"

"बोट येतं."

सोनूबाईने कपाळाला हात लावला. पण नेत्रा विचारात पडली. "तसा तुमच्याइतका किनारा कुणी बघितलाय म्हणा! या शनिवारी एक ग्रुप आहे, त्यांना न्या. त्यांना आवडलं तर दर शनिवारी तुम्हीच. फक्त एकदा आधी जाऊन जागा बघून या."

परत येताना हिरामण म्हणाला, "मोरू, तुझी गाडी काढ शनिवारी."

"आणि चालवणार कोण?"

"तू. सुकानू मागं असतं. मी मागं बसनार."

"बरं, पण आधी एकदा बघून येऊ. नेत्राने सांगितलंय."

"कशाला? घरातल्या मानसाला घर दावतान का?"

मलाही ते पटलं, हे मी कबूल करतो. हा माणूस किनाऱ्यावर चुकेल असं कुणाला वाटणार? खरं तर तो चुकलाही नाही. जे झालं ते त्याहून मजेशीर होतं.

शनिवारी दुपारी नेत्राच्या वाडीसमोर मोटरसायकलींची रांग लागली. म्होरकी हेतल नावाची बाई, घाटकोपरची, भांड्यांचं दुकान चालवणारी. तिची गाडी एवढी उंच की मला वाटलं चढायला शिडी लागेल. मागे तिची आठ-दहा टाळकी, गुडघ्यांना कोपरांना कवचं बांधून लढाईला निघाल्यासारखी. आणि या सैन्याचे सेनापती आम्ही. मी आणि माझी गाडी, जिच्या सीटच्या शिवणीत ज्वारीचं पीठ कायमचं मुक्कामाला आहे. मागे हिरामण, डोक्यावर माझ्या मेव्हण्याचं हेल्मेट.

"काका, दुपारी का? सकाळी गार असतं," हेतलने विचारलं.

"आज त्रयोदशी. पानी सांजच्याला उतरतं. आनि कलत्या उनात किनारा जसा खुलतं तसा सकाळी न्हाय."

हेतलने मान डोलावली. हे वाक्य एवढं झोकात आलं की मलाही अभिमान वाटला.

निघालो. खाडीवरचा पूल ओलांडला, कोर्लई मागे टाकली आणि हिरामणने माझ्या उजव्या खांद्यावर थाप मारली. डावी थाप म्हणजे डावीकडे, उजवी म्हणजे उजवीकडे, हेल्मेटवर टप्पल म्हणजे मी चुकलो. डांबर संपलं. बैलगाडीच्या चाकोऱ्या, लाल धुरळा, दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या. माझी गाडी दगडांवरून उड्या मारत होती आणि मागून हिरामण आनंदाने ओरडत होता, "लाट हाय, लाट! अंगावर घे!" मागची मंडळी तर भलतीच खूश. कुणी चिखलात मुद्दाम चाक घालतोय, कुणी पायदानांवर उभं राहून चालवतोय. एकाने वाळू बघून गाडी तिकडे वळवली, तर हिरामणचा आवाज असा फुटला की तो गाडीसकट थबकला.

"ए! पुळनीवर न्हाय! जाळी पसरल्यान तिकडं!"

पोराने मुकाट गाडी फिरवली. तांडेल तो तांडेल.

पहिली जागा होती लाल कडा. एक चढ, मग दुसरा चढ, मग काजूच्या झाडांमधून एक अशी वाट की माझ्या क्लचने देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. वर पोचलो. सपाट माळ, वाळकं गवत, एक आटलेलं डबकं आणि एक पांढरी बकरी. सगळ्यांनी हेल्मेटं काढली, फोन बाहेर काढले आणि इकडे-तिकडे बघायला लागले.

"बगा!" हिरामण म्हणाला.

"काय बघायचं, काका?"

"लाल कडा."

"कुठेय?"

"आपन त्याच्यावरच उभं हाव की!"

उगारलेले फोन तसेच थांबले. बकरीसुद्धा चघळायची थांबली. एक जण काठावर गेला, पोटावर झोपला, मान खाली लोंबकळवून आला आणि म्हणाला, "कडा असेल. पण दिसत नाही."

"हितनं कसा दिसंल? त्यो बगायचा तं तिकडनं." हिरामणने हात लांब केला. तो हात सरळ समुद्राकडे गेला होता. जिथे बोट दाखवत होता तिथे पाण्याशिवाय काही नव्हतं.

हेतल समजूतदार. म्हणाली, "चालेल, रस्ता मस्त होता. पुढची जागा?"

पुढची जागा देऊळ. "पांढरं शुभ्र," हिरामण मला वाटेत सांगत होता, "आनि कळसावर ऊन पडलं की आसं चमकतं, की खलाशी जेवत आसला तरी हात थांबतं त्याचा." आम्ही ओढा ओलांडला, नारळी-पोफळींमधून वाकत वाकत गेलो आणि देवळापाशी पोचलो. देवळाच्या पाठीशी. देव दर्याचा, तेव्हा देवळाचं तोंड दर्याकडे, आणि समोर पायरीला लागून थेट पाणी. आमच्या वाट्याला आली ती मागची भिंत. तिच्यावर शेवाळ, एक पाण्याची टाकी आणि पुजाऱ्याचा वाळत घातलेला बनियन.

एकाने बनियनचा फोटो काढला. दुसरा म्हणाला, "काका, तिसऱ्या जागी काय आहे? गोठा?" सगळे हसले. तेवढ्यावर थांबलं असतं, पण मला राहवतंय होय? मी म्हटलं, "तिसऱ्या जागेच्या आधी आपण एक बोट मागवू या!" आणखी मोठा हशा. हिरामण हसला नाही.

हेतलने विचारलं, अगदी सरळ मनाने, "काका, ह्या जागा तुम्ही कुठून बघितल्या आहेत?"

"बोटीवरनं," तो म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्यालाच कळलं.

एवढी वर्षं हा माणूस या किनाऱ्याकडे बघत आला होता, पण किनाऱ्यावरून कधीच नाही. नेहमी पाण्यातून. कडा, देऊळ, बन, डोंगर, सगळं समोरून, ऊन पडलेलं. त्याने बघण्याच्या जागा दाखवायला आम्हाला नेमकं त्या जागांच्या डोक्यावर आणि पाठीवर आणून उभं केलं होतं. ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती. त्याला कमी ठाऊक होतं असं नव्हे, पण त्याचं सगळं ठाऊक असणं पाण्याच्या बाजूला होतं.

तो टाकीपाशी एका दगडावर बसला आणि गप्प झाला. मंडळी गाड्यांची तोंडं फिरवायला लागली. कुणीतरी म्हणालं, काशीदला जाऊन भजी तरी खाऊ. आता नेत्राला आज रात्री काय कळणार, ती काय ठरवणार आणि मे महिन्यात आमच्या आळीत कुठला टेम्पो लागणार, हे सगळं मला स्वच्छ दिसायला लागलं. माझ्या विनोदाचा मलाच राग आला. हिरामण गेला तर मी भांडायचं कुणाशी?

"दादा," मी त्याच्या शेजारी बसलो, "मी आपली थट्टा केली."

त्याचं लक्ष नव्हतं. तो पुटपुटत होता, म्हणजे नेहमीच्या माणसांसारखं बोलत होता. "कडा हिकडं... देऊळ हितं... बोट तिथं." त्याचं बोट हवेत फिरत होतं. "जमीन कुठं बोटीवानी दर्यात घुसलं हाय? कुठं..." आणि तो एकदम उठला. गुडघे विसरून उठला आणि लगेच गुडघे आठवून ओरडला. "मोरू! जुना धक्का!"

जुना धक्का म्हणजे पूर्वी जिथे कौलांनी भरलेली गलबतं लागायची तो दगडी बांध. आता कुणी तिकडे जात नाही. किनाऱ्याच्या या वळणाच्या दुसऱ्या टोकाला तो जमिनीपासून सुटून पार पाण्यात गेलाय, पण मधला तुकडा खचलाय आणि भरतीला पाण्याखाली जातो.

"पानी उतरलंय आता," हिरामण म्हणाला. "चला. पन बिगीनं. परत चढायच्या आत माघारी यवाचं हाय."

भजी रद्द झाली. घाईने जायचं म्हटल्यावर या लोकांना उलट चेव आला. खारबांधावरून, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावरून, एकामागे एक, एका बाजूला तिवरं, दुसऱ्या बाजूला चिखल, आणि मागून खांद्यांवर थापा एवढ्या की मला कळेना गाडी चालवतोय की तबला झालोय. धक्क्याच्या तोंडाशी दगड शेवाळलेले. तिथे गाड्या लावल्या. पुढे चालत. बनियनचा फोटो काढणारा पठ्ठ्या दाणकन घसरला आणि बसल्या बसल्या ओल्या दगडांवरून बराच पुढे गेला, आमच्या सगळ्यांच्या आधी पोचला.

टोकाला जाऊन हिरामण वळला. आम्हीही वळलो.

मी रेवदंड्यात जन्मलो. पन्नाशीला आलो. असा किनारा मी बघितला नव्हता. लाल कडा समोर उभा होता, नुकतं रंगवून काढल्यासारखा, आणि त्याच्यात उभ्या पिवळ्या रेघा. त्याच्या पायाशी फेस. देऊळ पाण्यातून उगवल्यासारखं, पायऱ्या थेट लाटांत, आणि कळसावर ऊन असं काही लागलं होतं की खलाशाचा घास कशाला थांबत असेल ते मला न जेवता कळलं. पलीकडे सुरूचं बन, त्याच्यामागे निळसर डोंगर. सगळे नुसते बघत राहिले. हिरामणसुद्धा.

मग हेतल हळूच म्हणाली, "आपण तिथे होतो? त्या कड्यावर?"

"ती बघ बकरी!" कुणीतरी ओरडलं. खरंच, कड्याच्या डोक्यावर एक पांढरा ठिपका हलत होता.

आणि तांडेलाला कंठ फुटला. जाळं टाकायची जागा कशी धरतात ते तो सांगायला लागला. कडा कळसाच्या बरोबर माथ्यावर बसला पाहिजे. "आता न्हाय बसलेला. उत्तरंला सरा! थोडं! आजून थोडं!" आणि घाटकोपर, ठाणे, डोंबिवलीची ती सगळी कवचवाली माणसं एका ओळीत खेकड्यासारखी आडवी सरकायला लागली. "बसला!" हेतल किंचाळली. "काका, बसला!" तिने भांड्यांच्या दुकानात कधी एवढा आनंद केला असेल असं वाटत नाही. मग प्रत्येकाला तो कडा स्वतः बसवून बघायचा होता. शेवटी पाणी फिरलं तसं हिरामणने सगळ्यांना हाकलत माघारी आणलं.

रात्री जेवताना नेत्राने विचारलं, "कशा होत्या जागा?"

हेतल म्हणाली, "एक सांगते. पहिल्या दोन जागा काढू नका हं. आधी तिथे नेऊन चांगलं वैतागवायचं, आणि मग धक्क्यावर न्यायचं. तसंच ठेवा."

"तसंच ठरवल्यालं होतं," हिरामण म्हणाला. त्याच्या कानशिलावरची शीरसुद्धा हलली नाही. मी सुरमईच्या तुकडीत तोंड लपवलं.

नेत्राने त्याला काम दिलं. त्यानंतर जेव्हा जेव्हा शनिवारी दुपारचं पाणी उतरतं असायचं, तेव्हा हिरामण धक्क्यावर. बाकीच्या शनिवारी त्याने दुसऱ्या जागा शोधल्या, आणि या वेळेस आधी जाऊन बघितल्या. माझ्या गाडीचा क्लच बदलावा लागला तो वेगळाच.

पण सोनूबाईला हे काही पटेना. "ती मुंबईची मानसं," ती माझ्या बायकोला पीठ घेता घेता म्हणाली, "त्यांना खडकावरचं शेवाळ दावलं तरी फोटो काढतान. काम मिळालं हे खरं, पन ते टिकंल कशावरनं?"

मे उजाडला आणि मितेश टेम्पो घेऊन आला. टेम्पो चांगला मोठा, कपाट-पलंगासकट घर मावेल असा. हिरामण ओट्यावर बसून राहिला. मितेश म्हणाला, "बाबा, शनिवार-शनिवारचं काम हे काय काम? आई, तू सांग."

सोनूबाईने भांडी बांधायला पदर खोचला होता. ती थांबली.

"मी काय सांगू? मी बगितलंय कुठं? मना आधी दाखवा, मग मी बोलंन."

आमच्याकडे बायका बोटीवर जात नाहीत. मासळी बंदरात येते, तिथून पुढे त्यांचं राज्य. सोनूबाईने सगळं आयुष्य समुद्राच्या काठावर काढलं, पण समुद्रातून किनारा तिने कधी पाहिला नव्हता. त्या दुपारी पाणी उतरतं होतंच. टेम्पोत पुढे ती, चालवायला मितेश, मागे हिरामण आणि मी. मला पुन्हा कुणी बोलावलं नव्हतं. खारबांध लागला तिथे टेम्पो अडला. पुढे चालत. सोनूबाई नवऱ्याच्या पुढे, पोराच्याही पुढे, शेवाळावरून अशी गेली जशी बाजारात ओट्यांमधून जाते.

टोकाला ती वळून उभी राहिली. कमरेवर हात. ऊन कड्यावर पोचलं होतं. बाजारात मासळी पारखावी तसं तिने कडा, देऊळ, बन, सगळं एकेक करून पारखलं.

"आनि घरी येऊन तू मना काय सांगायचास?" ती शेवटी नवऱ्याला म्हणाली. "'काय असतं दर्यात, पानीच पानी!'"

"तू कंदी इचारलंस?"

"आता इचारतंय. त्या देवळाच्या बाजूला ते काळं काय?"

"खडक हाय. त्याच्याआड वारा लागत न्हाय. तुफानात आमी तितं थांबायचो."

"तुफानात? आनि मना सांगितलंस बंदरात व्हतो म्हनून?"

हिरामणने समुद्राकडे बघितलं. तिने आणखी विचारलं. त्याने आणखी सांगितलं, एकेक बोट दाखवून, आणि आवाज इतका खाली आला होता की शेजारी उभं राहून मला कान द्यावा लागला. मितेश आधी घड्याळ बघत होता, मग तोही ऐकायला लागला. पाणी फिरलं तेव्हा हिरामणच म्हणाला, चला.

खारबांधावर आल्यावर सोनूबाई पोराला म्हणाली, "टेम्पो घेऊन जा तू."

"आई, रिकामा?"

"रिकामा कशाला? सुकट हाय, बोंबील हायत, पापड हायत. समदं भर. आनि पोरीला सुट्टी लागलं हाय ना? तिला धाड हिकडं. तिनं बी बगितलं पायजे."

त्याच संध्याकाळी टेम्पो सुक्या मासळीने भरून उलव्याला गेला. बोंबील लिफ्टने वर नेले, आणि तेव्हापासून आठवडाभर सगळी सोसायटी जिन्याने चालत जात होती, असं ऐकतो. सेक्रेटरीने नोटीसही लावली म्हणे. खरं-खोटं मितेशला ठाऊक. तो सांगत नाही, म्हणजे खरंच असणार.